चौथ्या दाताची खूण

१

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला थोमकाकूंच्या पोटरीला कुत्रा चावला, आणि साडेतीन वाजायच्या आत सगळ्या देओ सिम गावाला ठाऊक झालं होतं की तो कुत्रा म्हणजे ख्वातआजोबांचा वेन.

मिएनला ते सगळ्यांत शेवटी कळलं, कारण ती लिचीच्या दोन झाडांना बांधलेल्या झोळीत गाढ झोपली होती. डोळे उघडले तेव्हा अंगणात क्वेत उभा होता. क्वेत हा थोमकाकूंचा मुलगा. तिशीतला, ट्रक चालवणारा, शेजारच्याच घरातला. त्याच्या हातात बांबूची काठी होती.

"कुठाय तुमचा कुत्रा?"

"काय झालं, क्वेतदादा?"

"आईचा लचका तोडलाय त्याने. कुठाय ते सांग."

वेन कोठीच्या सावलीत, नेहमीच्या खुंटापाशीच होता. पण साखळीचा आकडा त्याच्या गळपट्ट्यात नव्हता. साखळी जमिनीवर सरळ पडली होती आणि वेन तिच्या शेजारी बसून, जीभ बाहेर काढून, काय गडबड चाललीय ते बघत होता.

मिएनने साखळी उचलून आकडा चाचपला.

दर वर्षी मे संपता संपता हनोईतली शाळा सुटली की आई तिला बसमध्ये बसवून द्यायची आणि पुढचे अडीच महिने ती आजोबांच्या बागेत काढायची. आजी गेल्यापासून आजोबा एकटेच होते. जून म्हणजे लिचीची तोडणी, त्यांना मान वर करायला फुरसत नसे. म्हणून यंदा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पोरी, तू तेरा वर्षांची झालीस. सुट्टीभर वेन तुझा. त्याचं खाणं, पाणी, अंघोळ, गोचिड्या, सगळं तुझ्याकडे. आणि अकरा ते चार बांधायचा. तोडणीवाल्या बायका सावलीला आडव्या होतात आणि याला त्यांच्या डब्यांत तोंड घालायची खोड आहे."

तीन आठवडे तिने ते काम मन लावून केलं होतं. माशाची डोकी उकडून भातात कालवायची, काटे निवडायचे, दर तिसऱ्या दिवशी तळ्याकाठी घासून अंघोळ. आणि आज आकडा निसटलेला.

आजोबा लिच्या तोलायच्या वजनकाट्यावरून धावत आले. मागून गावच्या दवाखान्यातली नर्स लुआताई सायकलवरून आली. तिने काकूंची जखम साबणाने धुऊन पट्टी बांधली होती.

"वेनला मार्चमध्ये लस टोचलेली आहे, माझ्या वहीत नोंद आहे," लुआ म्हणाली. "त्याला दहा दिवस कोंडून ठेवा. खातोय, पाणी पितोय, तोवर घाबरायचं कारण नाही. जरा वेगळं वाटलं की त्याच घटकेला मला कळवा."

"आणि अकराव्या दिवशी?" क्वेतने विचारलं.

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. "चावरा कुत्रा मी आजवर ठेवला नाही. अकराव्या दिवशी पिंजरावाल्याला हाक मारीन."

पिंजरावाला म्हणजे मोटारसायकलवर लोखंडी पिंजरा लादून, भोंगा वाजवत कुत्री विकत घेत फिरणारा माणूस. त्याच्याकडे गेलेला कुत्रा परत कुणी पाहिलेला नव्हता.

मिएनने आकडा पुन्हा गळपट्ट्यात अडकवला. साखळी अडकवल्याचं तिला आठवत नव्हतं. अडकवली नाही, असंही आठवत नव्हतं.

२

वेनला बदकांच्या रिकाम्या खुराड्यात ठेवलं. आत त्याला नीट उभंही राहता येईना. मिएनने वरून नारळाच्या झावळ्या टाकल्या, दुपारी दर तासाला पाणी बदललं, आणि शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागली. बुधवार सकाळ, भात सगळा खाल्ला. बुधवार दुपार, पाणी दीड वाटी. गुरुवार, शेपूट हलवली, भुंकला नाही.

लिहिता लिहिता तिला मंगळवारची दुपार पुन्हा पुन्हा आठवत होती, आणि गुरुवारी संध्याकाळी त्यातली एक गोष्ट तिला खटकली.

वेन सुटला की कुठे जातो? तळ्यात. आधी तळ्यात उडी, मग चिखलात लोळण, मग बाकीचं जग. या नियमाला तिने तीन आठवड्यांत एकही अपवाद पाहिला नव्हता. आणि मंगळवारी क्वेत आला तेव्हा वेन कोरडा ठणठणीत होता. पोटाखाली कोठीजवळची राखाडी धूळ, पायांना चिखलाचा ठिपका नाही.

म्हणजे आकडा निसटला होता खरा, पण वेनला त्याचा पत्ताच नव्हता. तो बांधलेलाच आहे असं समजून बिचारा जागेवर झोपून राहिला होता.

तिने हे आजोबांना सांगितलं. ते जेवत होते.

"कुत्र्याने एक दिवस अंघोळ केली नाही, म्हणून तो चावला नाही?" ते म्हणाले. "हे मी क्वेतला सांगू?"

शुक्रवारी दुसरी गोष्ट घडली. मिएन खुराड्याशी पाणी भरत असताना तिची रबरी चप्पल पायातून निसटली, आणि कंटाळलेल्या वेनने ती फटीतून आत ओढली. काठीने बाहेर काढेपर्यंत त्याने ती मनसोक्त चावली होती. मिएनने नळावर चप्पल धुतली, उन्हात धरली आणि बघतच राहिली. वरच्या बाजूला एक खोल भोक. खालच्या बाजूला दोन. जिथे जिथे त्याने दात रोवले होते तिथे तिथे तीनच. एका सुळ्याची जागा सगळीकडे रिकामी होती.

"आजोबा, वेनचा एक सुळा नाहीये का?"

"वरचा डावा. गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलने उडवलं त्याला, तेव्हा मुळापासून गेला. का?"

तिने चप्पल पुढे केली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. शेजारणीच्या पोटरीवरची जखम त्यांनी पाहिलेली नव्हती, पाहणं शोभलंही नसतं.

"हे लुआला दाखव," ते सावकाश म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. थोम वीस वर्षं आपली शेजारीण आहे. तुझी आजी आजारी होती तेव्हा हिने रोज पेज आणून दिली. ती म्हणते वेन चावला. ती खोटं कशाला बोलेल?"

मिएनने चप्पल पुन्हा हातात घेतली. प्रश्न नेमका तोच होता.

३

शनिवारी सकाळी दवाखान्यात लुआताईने मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवला. जखमेचा फोटो ती नेहमी काढून ठेवत असे. पोटरीवर चार भोकं होती. वर दोन, खाली दोन, चारही सारखीच खोल.

लुआने चप्पल फोटोशेजारी धरली. बराच वेळ धरली. नंतर ती उठली आणि तिने दार लोटून घेतलं.

"मिएन, तुला कळतंय का हे काय आहे? वेन सुटला म्हणून आनंद करायची गोष्ट नाही ही."

"म्हणजे?"

"दुसरा कुत्रा चावला असेल तर आपण चार दिवस चुकीच्या कुत्र्यावर नजर ठेवून बसलोय. तो दुसरा कुठाय, कसाय, कुणाला माहीत नाही. तो पिसाळलेला असला, तर थोमकाकूंना आजच्या आज सुया सुरू व्हायला हव्यात. एकदा लक्षणं दिसली की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही."

"तुम्ही त्यांना सांगा ना."

"आत्ता जाते. पण त्यांनी नाही म्हटलं तर मी बळजबरीने टोचू शकत नाही."

तासाभराने लुआची सायकल परत जाताना दिसली. तिने दुरूनच मान हलवली. काकू म्हणाल्या होत्या, वेनच होता, माझ्या डोळ्यांनी पाहिला.

मिएनचा पहिला संशय क्वेतवर गेला. बागेतून मोटारसायकल मधल्या वाटेने काढायची त्याला सवय होती आणि वेन त्याला कधी तसं करू देत नसे. आईला चावला भलताच कुत्रा, आणि नाव घ्यायला लावलं वेनचं, असं तर नसेल? दुसरा संशय वजनकाट्यावरच्या काळ्या कुत्र्यावर. तो कुणाच्याही पायाला लागायचा.

दोघेही तिला एकाच ठिकाणी, वजनकाट्यावर सापडले. क्वेत ट्रकच्या सावलीत उकिडवा बसून बर्फाचा चहा पीत होता आणि काळा कुत्रा मागच्या चाकाला बांधलेला होता.

"क्वेतदादा, मंगळवारी दुपारी तू कुठे होतास?"

"पोलिसात भरती झालीस का?"

"सांग ना."

"इथेच. बर्फाची खोकी भरत होतो. चार गाड्या लागल्या होत्या म्हणून हे काळं ध्यानही सकाळपासून बांधलेलं होतं. विचार कुणालाही." त्याने ग्लास खाली ठेवला. "तीन वाजता घरी गेलो तर आई मागच्या दाराने लंगडत आत येत होती. पाय रक्ताने भरलेला. कुठे चावला म्हटलं, तर म्हणाली, ख्वातकाकांच्या कुंपणापाशी, टोपल्या मागायला गेले होते."

"तू कुंपणापाशी रक्त पाहिलंस?"

"रक्त कशाला शोधतोय मी. काठी शोधत होतो."

मिएन परत निघाली. अर्ध्या वाटेत ती थांबली. आजोबांचं कुंपण काकूंच्या पुढच्या दारासमोर होतं. तिथे चावा बसलेलं माणूस रक्ताळलेल्या पायाने घराला वळसा घालून मागच्या दाराने का येईल?

४

रविवारी आजोबांनीच तिला चिकट भाताची वाटी देऊन पाठवलं. "समाचाराला जा. आणि पोरी, प्रश्न विचारायचेच असतील तर माणसासारखे विचार."

थोमकाकू पडवीत बसल्या होत्या. पन्नाशीची, बरीच वर्षं विधवा असलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई, पण आज चेहरा उतरलेला. पाय पाटावर लांब केलेला, मांडीवर तपकिरी विजार, हातात सुई. त्या फाटलेला भाग शिवत होत्या.

"ये गं. बस. आजोबांनी पाठवलं का? उगाच त्रास."

"दुखतंय का, काकू?"

"बरं आहे." त्यांनी सुईत दोरा ओवला. "वेन जेवतो ना नीट?"

"जेवतो. पण खुराड्यात त्याला पाय पसरता येत नाहीत. अकराव्या दिवशी पिंजरावाला नेणार त्याला."

काकूंच्या हातातली सुई थांबली. "पिंजरावाला? ख्वातकाका तसं म्हणाले?"

"तुमच्यासाठीच म्हणाले. चावरा कुत्रा ठेवायचा नाही म्हणाले."

काकू खाली मान घालून टाक्याऐवजी विजारीतून काहीतरी उपसून बशीत टाकायला लागल्या. मिएनने बशीत पाहिलं. कुसळं होती. गवताची बारीक, टोकदार कुसळं, धुऊनही न निघालेली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत विजारीत नुसती रुतलेली.

"हीच विजार होती का त्या दिवशी?"

"हीच. फेकवत नाही, चांगली आहे अजून."

"आणि तुम्ही टोपल्या मागायला आला होतात?"

"हो. दोनच हव्या होत्या."

मिएनने मान डोलावली. तिला एकदम फार वाईट वाटलं, कारण आता तिची खात्री झाली होती. मंगळवारी सकाळी आजोबांनी घरातल्या यच्चयावत टोपल्या वजनकाट्यावर नेल्या होत्या. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना त्या दोरीने बांधायला मदत कुणी केली होती? थोमकाकूंनी. घरात एकही टोपली नाही हे गावात कुणाला पक्कं माहीत असेल तर त्यांना.

आणि कुसळं. आजोबांची बाग झाडून पुसल्यासारखी असते, झाडाखाली गवताची काडी उगवू देत नाहीत. काकूंचं अंगण शेणमातीने सारवलेलं. तसलं कुसळी गवत गावात फक्त एकाच ठिकाणी माजलेलं होतं. बस चुकली की फाट्यावरून चालत यायला जी वाट आहे, ती तलावाच्या बांधावरची वाट. मिएनच्या पायजम्याला पहिल्याच दिवशी ती कुसळं लागली होती आणि काढायला तिला पूर्ण संध्याकाळ लागली होती.

काकूंच्या घराचं मागचं दार त्याच बांधाकडे उघडतं.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही लुआताईंचं ऐका ना. सुई घ्या."

"लहान आहेस तू," थोमकाकू म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, थकलेला होता. "घरी जा, मिएन."

५

सोमवारी दुपारी, वेनचं पाणी बदलून आणि खुराड्याचं कुलूप दोनदा ओढून बघून, मिएन सायकलने बांधावर गेली. ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंनी कमरेइतकं गवत. ती वाट फाट्याकडे जायच्या आधी एकाच घरापाशी जाते. बागांना पाणी सोडायच्या पंपाची खोली, आणि तिच्या पाठीला लागून राहणारे पंपवाले लामकाका.

लामकाका साठीच्या अलीकडचे, एकटे, कमी बोलणारे. ते दारातच जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी तिला पाणी दिलं.

"ख्वातकाकांची नात ना तू? पाणी कमी येतंय का तिकडे?"

"नाही. काका, तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"छे. का?"

"बांधावर कधी दिसतो का एखादा?"

लामकाकांनी जाळं बाजूला ठेवलं. "एक होता. पिवळा, भटका. गेल्या सोमवारपासून दिसत होता, तोंड लोंबतं, चाल वाकडी. मी दगड मारून हाकलला होता. शुक्रवारी पहाटे झडपेपाशी मेलेला सापडला. पाण्यापासून हातभरावर पडला होता, पण पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. तोंडाला फेस सुकलेला. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरला."

मिएनने हातातला पेला खाली ठेवायला फळीकडे पाहिलं, आणि मग तिला उरलेलंही दिसलं. फळीवर चहाचे दोन कप पालथे घातलेले होते. एकट्या माणसाच्या घरात धुऊन पुसून ठेवलेले, एकसारखे दोन. शेजारी वाळवलेल्या लिच्यांची बरणी, तिच्या झाकणाला निळ्या फुलांचं फडकं. काकू आपल्या सगळ्या बरण्यांना तसलंच फडकं बांधायच्या.

लामकाका तिच्या नजरेकडे बघत होते. मग त्यांनीच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"तुमच्या शेजारच्या थोमची तब्येत बरी आहे ना? मंगळवारी... म्हणजे, इकडे कुणी दिसलं नाही बऱ्याच दिवसांत."

ते सहा दिवस वाट बघत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण सांगावी का, हे मिएनला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण खड्ड्यात पुरलेला पिवळा कुत्रा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"काका," ती म्हणाली, "मंगळवारी दुपारी काकूंच्या पायाला कुत्रा चावला. त्या म्हणतात, आमचा वेन. पण आमचा वेन नव्हता."

लामकाकांचा चेहरा पांढरा पडला. ते जाळं तसंच टाकून आत गेले.

६

मिएन घरी न जाता थेट काकूंच्या मागच्या दाराशी आली. काकू एकट्याच होत्या. क्वेत लिच्यांचा ट्रक घेऊन सरहद्दीकडे गेला होता.

"काकू, बांधावरचा पिवळा कुत्रा मेला. शुक्रवारी. पाणीही प्यायला नव्हता."

थोमकाकू चुलीपाशी उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या. भाताला उकळी आली, मिएनने झाकण सरकवलं.

"मला वाटलं होतं, साधा भटका असेल," त्या म्हणाल्या. "गवतातून आला, चावला आणि निघून गेला. मी घरी आले तर समोर क्वेत. कुठे गेली होतीस म्हणाला. बांधावर म्हटलं असतं तर बांधावर काय काम, हे आलंच असतं. तोंडातून टोपल्या निघाल्या. मग वेन. कुणीतरी म्हणालं, लस टोचलेली आहे, दहा दिवसांनी सोडतील. म्हटलं, दहा दिवस जाऊ देत. कुणाचं काय बिघडतं." त्यांनी पदराने तोंड पुसावं तशी सदऱ्याची बाही तोंडाशी धरली. "पिंजरावाल्याचं ऐकल्यापासून झोप नाही मला. पण एकदा बोलले ते मागे कसं घेऊ? पुढच्या महिन्यात क्वेतची सोयरीक ठरायची आहे. त्या लोकांच्या कानावर गेलं, की त्याची आई या वयात..."

"काकू, बांधावर कुत्रा चावला, एवढंच सांगा. तिथे का गेला होतात, हे डॉक्टर विचारत नाहीत."

"आज किती दिवस झाले?"

"सहा."

"उशीर झाला का?"

"लुआताई म्हणाल्या होत्या, लक्षणं दिसायच्या आत गेलं तर चालतं. पण आत्ता."

"तालुक्याला जायचं कसं? क्वेत उद्या येईल."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मागच्या दाराशी नव्हे, पुढच्या. लामकाका अंगणाच्या मध्यभागी उभे होते. धुतलेला सदरा, केस पाण्याने बसवलेले, हातात जास्तीचं हेल्मेट. इतक्या वर्षांत ते या दाराशी कधी आले नव्हते. समोरच्या बागेत तोडणीवाल्या बायकांचे हात फांद्यांवरच थांबले होते.

"थोम," ते म्हणाले, "चल. सहाच्या आत पोचलं पाहिजे."

काकूंनी त्या बायकांकडे पाहिलं. मग हेल्मेटकडे. मग त्या लंगडत पायऱ्या उतरल्या, मागे बसल्या आणि पडू नये म्हणून लामकाकांच्या खांद्याला घट्ट धरलं. मोटारसायकल गावाच्या मधल्या रस्त्यानेच गेली.

७

संध्याकाळी आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. कोरडा वेन, तीन दातांची चप्पल, मागचं दार, नसलेल्या टोपल्या, कुसळं. मिएनने बांधावरचा कुत्रा सांगितला. दोन कपांबद्दल ती काही बोलली नाही.

"आणि थोम बांधावर कशाला गेली होती?" आजोबांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

आजोबा तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मलाही माहीत नाही." मग ते उठले, खुराड्यापाशी गेले आणि स्वतः वाकून, गुडघे टेकून, दार उघडलं. वेन बाहेर आला, त्याने चारी पाय लांब ताणले आणि कुणाकडेही न बघता तळ्याकडे पळाला. आजोबांनी खुराड्याला हात टेकून त्याच्याकडे पाहिलं. "सहा दिवस उगाच कोंडला तुला," ते स्वतःशीच म्हणाले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी जखमेभोवती औषध भरलं आणि पहिली सुई दिली. एकूण पाच घ्यायच्या होत्या. लुआताई रोज येऊन ताप बघून जायची. दुसरी सुई झाली. काकूंना काही झालं नाही. दिवस जात होते आणि त्या ठणठणीत होत्या. गावात अर्थातच बोलणं झालं. वजनकाट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मग एका व्यापाऱ्याने लिच्यांचा भाव पाडला आणि लोक त्याच्यावर बोलायला लागले.

क्वेत परतल्यावर तीन दिवस कुणाशी बोलला नाही. आईशीही नाही. रविवारी संध्याकाळी तो आजोबांच्या अंगणात आला. हात रिकामे होते. मिएन वेनच्या कानातल्या गोचिड्या काढत बसली होती.

"ख्वातकाका, मी कुत्र्याला काठी घेऊन आलो होतो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"कुत्र्याला सांग," आजोबा म्हणाले.

क्वेतने वेनकडे पाहिलं. वेनने त्याच्याकडे पाहून एकदा गुरगुर केली आणि पुन्हा मिएनच्या मांडीवर डोकं ठेवलं.

क्वेत तरीही गेला नाही. त्याने लिचीच्या फांदीवरून एक वाळकं पान तोडलं, त्याचे तुकडे केले.

"मुलीकडच्यांना सांगून टाकलं मी," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपणच बरं. ते म्हणाले, मग लग्नात तुमच्या बाजूला बसायला कुणीतरी वडीलधारं झालं." त्याने तुकडे खाली टाकले आणि मग, जणू एवढ्याचसाठी आला होता तसं, घाईघाईने म्हणाला, "तिसरी सुई सोमवारी आहे. मला ट्रक घेऊन जायचंय. म्हणजे आईला मी नेऊ शकणार नाही. लामकाका नेतील. मी त्यांना फोन केलाय."

"काय म्हणाले?" आजोबांनी विचारलं.

"आधी काही बोललेच नाहीत," क्वेत म्हणाला. "मग म्हणाले, तू जेवलास का?"